गव्हाच्या मुलखातली मैदानं

ग्रेट बेंड यायच्या बऱ्याच आधीपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती. जेमतेम कमरेएवढी, तांबूस कणसांची, साऱ्या रानात एकाच उंचीची. मंगळवेढ्याकडची पुरुषभर उंचीची ज्वारी पाहिलेल्या माणसाला हे पीक ओळखीचंही वाटतं आणि परकंही. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्सस राज्यात पिकते. इथे तिला मायलो म्हणतात आणि ती भाकरीसाठी नव्हे, गुरांच्या खाद्यासाठी आणि इथेनॉलसाठी पिकवतात. ऑक्टोबर संपत आला होता. ज्वारीची काढणी चालू होती आणि शेजारच्या रानात पेरलेला गहू बोटभर वर आला होता. तो आता थंडीत दबून राहणार आणि जूनमध्ये कापणीला येणार. मैलोनमैल चढ नाही की उतार नाही. मध्येच क्षितिजावर पांढरं, उंच धान्यकोठार दिसायचं. कोठार दिसलं की तिथे गाव असणार, हे ठरलेलं.

विचिटा शहरात विमानांचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे भारतीय अभियंत्यांची घरंही तिथे बरीच आहेत. माझी मावसबहीण त्यांच्यातलीच. गाडी तीच चालवत होती. मला पाहायची होती ती या राज्याच्या खेड्यापाड्यांतली कम्युनिटी कॉलेजं आणि त्यांची मैदानं. "आमच्याकडे विमानाच्या पत्र्याला प्रत्यक्ष हात लावणारी कितीतरी माणसं या कॉलेजांतून आलेली आहेत, ताई," ती म्हणाली. "पण गावात जाऊन कॉलेजाबद्दल विचारलंस तर कुणी पत्र्याचं सांगणार नाही. फुटबॉलचंच सांगतील."

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज. शाळा संपवलेल्या कुणालाही दार उघडं, फी विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी. कुणी वेल्डिंग किंवा नर्सिंग शिकून थेट कामाला लागतं, तर कुणी दोन वर्षांची पदवी घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातं. जुने लोक अजून त्यांना ज्युनिअर कॉलेज म्हणतात. आपल्या अकरावी-बारावीशी त्याचा संबंध नाही. यातलं पहिलं सरकारी कॉलेज 1901 साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे निघालं. कॅन्ससने 1917 साली कायदा केला आणि 1919 साली गार्डन सिटी आणि फोर्ट स्कॉट या दोन गावांत कॉलेजं सुरू झाली. त्या काळात ही कॉलेजं बहुतेक ठिकाणी हायस्कुलाच्याच इमारतीत भरत. 1965 च्या कायद्याने ती गावाच्या शाळामंडळाकडून काउंटीकडे गेली. आज राज्यात अशी 19 कॉलेजं आहेत आणि काउंटीतल्या प्रत्येक घरामागे, शेतामागे, दुकानामागे त्यांच्यासाठी मालमत्ता कर भरला जातो. म्हणजे ज्वारीच्या या रानाचा मालकही फुटबॉलच्या मैदानाला हातभार लावत असतो. पुढच्या सगळ्या गावांत हा करच कुठल्या ना कुठल्या रूपाने बोलण्यात येत राहिला.

बार्टन काउंटीचं कॉलेज ग्रेट बेंडच्या बाहेर, शेतांच्या मध्ये आहे. आजूबाजूला झाडं कमी आणि वारा भरपूर. धावण्याच्या ट्रॅकवर उभं राहिलं की वाऱ्याने कान भरून जातात. याच ट्रॅकवर जमैकातल्या ट्रेलॉनी भागातून आलेली व्हेरोनिका कॅम्पबेल धावत असे. पुढे तिने 2004 मध्ये अथेन्सला आणि 2008 मध्ये बीजिंगला 200 मीटरचं ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. केंटकीचा टायसन गेही इथलाच विद्यार्थी. 2007 च्या जागतिक स्पर्धेत 100 आणि 200 मीटरची दोन्ही सुवर्णपदकं त्याने घेतली. चौदा-पंधरा हजार वस्तीचं गाव, सर्वांत जवळचं मोठं शहर दोन तासांवर, आणि इथे जगातले सर्वांत वेगवान पाय येऊन गेले! हे वाचून माहीत होतं. तरी तो ट्रॅक पाहिल्यावर मी चकित झाले. तिथे डोळे दिपवण्यासारखं काहीच नाही. लोखंडी पायऱ्या, फलक, कुंपण आणि कुंपणापलीकडे गहू.

ही मुलं इथे का येतात? अमेरिकेच्या मोठ्या विद्यापीठांचे खेळ एनसीएए नावाच्या संघटनेच्या नियमांनी चालतात आणि तिथे पहिल्या वर्षी खेळायला शाळेतले गुण आणि विषय ठरावीक लागतात. 1986 पासून हे नियम फार कडक झाले. ज्याचे पाय तयार आहेत पण गुणपत्रिका तयार नाही, किंवा जो परदेशातून आला आहे आणि ज्याची कागदपत्रं जुळत नाहीत, त्याच्यासाठी दोन वर्षांचं कॉलेज हा मधला मुक्काम झाला. या कॉलेजांची स्वतःची संघटना आहे, एनजेसीएए. ती 1938 साली स्थापन झाली आणि आज सुमारे पाचशे कॉलेजं तिची सभासद आहेत. तिच्या पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजांना खेळाडूची फी, पुस्तकं, राहणं आणि जेवण इतकं सगळं देता येतं. जमैकातल्या किंवा अटलांटातल्या एखाद्या घरासाठी ही रक्कम लहान नाही.

दुपारी कॉलेजच्या भोजनगृहात बसलो तेव्हा शेजारच्या टेबलांवर चार-पाच तऱ्हांचं इंग्रजी कानावर पडत होतं. ट्रॅक्टरवाल्याची टोपी घातलेला गोरा मुलगा आणि कॅरिबियन बेटांवरची मुलगी एकाच ताटलीतले बटाटे खात गणिताचा गृहपाठ करत होते. ज्या काउंटीत शाळेपासून सगळे एकमेकांचे नातेवाईक, तिथल्या मुलाला जग भेटण्याची ही पहिली जागा. खेळांच्या या उपयोगाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला तो पदकांहून मोठा वाटतो.

ग्रेट बेंडहून निघताना शायन बॉटम्सच्या पाणथळीला वळसा घातला. एकेचाळीस हजार एकरांचं हे उथळ खोलगट मैदान उत्तर-दक्षिण उडणाऱ्या पक्ष्यांचा मोठा थांबा आहे. सँडहिल क्रौंचांचे थवे वरून ओरडत चालले होते. तासाभराने हचिन्सन लागलं.

हचिन्सन चाळीस हजारांचं, म्हणजे या प्रवासातलं सर्वांत मोठं गाव. 1887 साली इथे तेलासाठी भोक पाडायला गेले आणि मीठ लागलं. जमिनीखाली साडेसहाशे फुटांवर मिठाची खाण अजून चालू आहे. तिच्या जुन्या दालनांत आता संग्रहालय आहे आणि कोरड्या, एकसारख्या हवेमुळे तिथे हॉलिवूडच्या चित्रपटांच्या मूळ फिल्मही जपून ठेवल्या आहेत. कॉलेजला लागून कॉस्मोस्फिअर नावाचं अवकाश संग्रहालय आहे. अपोलो 13 च्या तिघांना पृथ्वीवर सुखरूप आणणारं 'ओडिसी' हे यान तिथे ठेवलेलं आहे. त्याच्या जळक्या, काळवंडलेल्या पोटाकडे पाहताना मावसबहीण पुष्कळ वेळ बोलली नाही. विमानं बांधणाऱ्यांना त्या खुणांमधून बरंच काही वाचता येत असावं.

पण हचिन्सनला मी आले होते ती स्पोर्ट्‌स अरीना पाहायला. दोन वर्षांच्या कॉलेजांची पुरुषांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा 1949 पासून दर मार्चमध्ये याच गावात होते आणि 1952 पासून या इमारतीत. शिकागो नाही, न्यूयॉर्क नाही, कॅन्ससमधलं मिठाचं गाव. ही स्पर्धा भरवते माजी सैनिकांची अमेरिकन लीजन ही संघटना आणि तिच्याबरोबर राबतात गावातले स्वयंसेवक. सकाळपासून रात्रीपर्यंत सामने चालतात. गावकरी ओळखदेख नसलेला एखादा संघ धरतात आणि तो हरेपर्यंत त्याच्या मागे उभे राहतात. 1970 साली इंडियानातल्या विन्सेन्स कॉलेजने इथे अजिंक्यपद मिळवलं तेव्हा त्यांच्याकडून बॉब मॅकॅडू खेळत होता. पाच वर्षांनी तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा कितीतरी मुलांना गावाने कुणी ओळखायच्या आधी पाहिलेलं आहे. दारावर तिकिटं तपासणारे एक आजोबा भेटले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले सामने त्यांनी संघांच्या नावांसकट सांगितले. गावच्या कॉलेजच्या संघाने, ब्लू ड्रॅगन्सनी, स्वतः ही स्पर्धा 1988, 1994 आणि 2017 साली जिंकली. हे तीन आकडे सांगताना मात्र त्यांनी बोटं मोजली नाहीत.

हचिन्सनकडून पूर्वेला न्यूटनवरून जाताना गहू पुन्हा सोबतीला आला. त्याची गोष्ट सांगायलाच हवी. 1874 च्या आसपास रशियाच्या राज्यातले, आजच्या युक्रेनकडचे मेनोनाइट पंथाचे शेतकरी या भागात येऊन राहिले. सक्तीची लष्करी नोकरी त्यांच्या धर्मात बसत नव्हती म्हणून ते निघाले आणि येताना टर्की रेड नावाचा हिवाळी गहू घेऊन आले. कोरड्या, कडक थंडीच्या या मुलखाला तो मानवला. कॅन्सस गव्हाचं राज्य झालं ते पुढे याच वाणाच्या बळावर.

पुढच्या एल डोराडो गावाचं भाग्य मात्र तेलाने उघडलं. ऑक्टोबर 1915 मध्ये स्टेपल्टन क्रमांक 1 या विहिरीला तेल लागलं आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात हे क्षेत्र देशातल्या मोठ्या तेलक्षेत्रांत गणलं गेलं. गावाच्या कडेला आजही तेलशुद्धीकरण कारखाना आहे. इथलं बटलर काउंटीचं कॉलेज 1927 चं, म्हणजे त्या भरभराटीच्या पाठोपाठ आलेलं. तेलाचा कारखाना जिथे असतो तिथे मालमत्ता कर चांगला जमतो आणि तो जमला की कॉलेजचं मैदानही चांगलं होतं, हे इथे डोळ्यांनी दिसतं. बटलरच्या ग्रिझलीजनी सहा वेळा राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपद मिळवलं आहे: 1981, 1998, 1999, 2003, 2007 आणि 2008. त्यांचं स्टेडियम गावच्या हायस्कुलाशी सामाईक आहे. शुक्रवारी रात्री शाळेची मुलं खेळतात, शनिवारी कॉलेजची. आम्ही शनिवारी पोचलो. ज्यांच्या घरचं कुणीही मैदानात नव्हतं अशी पुष्कळ माणसं गोधड्या घेऊन पायऱ्यांवर बसली होती. मैदानातली मुलं फ्लोरिडाची, टेक्ससची, जॉर्जियाची होती, बहुतेक काळी. पायऱ्यांवरची माणसं बहुतेक गोरी, वयस्क, शेतीतली किंवा तेलातली. निवेदक प्रत्येक खेळाडूचं नाव आणि त्याचं मूळ गाव पुकारायचा आणि हे आजी-आजोबा त्या कधी न पाहिलेल्या गावांच्या नावांना टाळ्या वाजवायचे.

या दृश्याने मन भरून येतं, पण त्यात अवघड बाजूही आहे. घरापासून हजार मैलांवर आलेल्या एकोणीस वर्षांच्या काळ्या मुलासाठी हे गाव सोपं नसतं. केस कापायला न्हावी मिळत नाही, ओळखीचं जेवण मिळत नाही, गाडी नसेल तर वसतिगृह आणि मैदान यांपलीकडे जाता येत नाही. म्हणून काही ठिकाणी गावातली कुटुंबं एकेक-दोन-दोन खेळाडू वाटून घेतात. रविवारी जेवायला बोलावतात, दात दुखला तर दवाखान्यात नेतात. माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकेकडे अशी दोन मुलं यायची. "पहिल्या दिवशी ती दोघं माझ्या सोफ्याच्या अगदी कडेला बसली," त्या म्हणाल्या. "ख्रिसमसपर्यंत फ्रिज न विचारता उघडायला लागली."

एल डोराडोच्या पूर्वेला जमीन एकदम बदलते. सपाटी संपते आणि फ्लिंट हिल्स सुरू होतात. लांबच लांब, बुटक्या, झाडं नसलेल्या टेकड्या. वर दोन वीत माती आणि खाली चुनखडक आणि गारगोटी, म्हणून नांगर इथे चालला नाही. एकेकाळी मध्य अमेरिका व्यापणाऱ्या उंच गवताच्या कुरणांपैकी आज चार टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि उरलेल्यातलं बहुतेक इथेच. ऑक्टोबरमध्ये हे गवत तांब्याच्या रंगाचं होतं. वसंतात शेतकरी ते मुद्दाम पेटवतात. जळल्यावर जो कोवळा फुटवा येतो त्यावर गुरं झपाट्याने वाढतात. मूळच्या आदिवासी जमातीही हेच करत. आमच्या दोन्ही बाजूंना काळी गुरं चरत होती. वस्ती इतकी विरळ की मोबाइल मुका झाला होता.

मग टेकड्या ओसरल्या, ओढ्याकाठी अक्रोडाची आणि ओकची झाडं दिसू लागली आणि आम्ही माँटगोमेरी काउंटीत शिरलो. या काउंटीची लोकसंख्या 2020 च्या गणनेत साडेएकतीस हजारांच्या आसपास होती. शंभर वर्षांपूर्वी ती पन्नास हजारांच्या घरात होती. तेव्हा इथे नैसर्गिक वायू स्वस्त होता आणि वायूवर चालणाऱ्या काचेच्या, विटांच्या, जस्ताच्या भट्ट्या होत्या. वायू सरला तशी माणसंही सरली. पण त्या वैभवाच्या काळात इंडिपेन्डन्स आणि कॉफीव्हिल या दोन शेजारगावांनी आपापलं कॉलेज काढलं होतं, कॉफीव्हिलने 1923 साली आणि इंडिपेन्डन्सने 1925 साली. दोन्ही अजून चालू आहेत. मध्ये वीस मैलांचंही अंतर नाही. एवढ्याशा काउंटीत दोन कॉलेजं, दोन फुटबॉल संघ आणि दोघांचं हाडवैर.

इंडिपेन्डन्स साडेआठ हजारांचं, पण अभिमानाच्या गोष्टींनी भरलेलं गाव आहे. नाटककार विल्यम इंज इथे जन्मला आणि इथल्याच ज्युनिअर कॉलेजात शिकला. 1953 साली त्याच्या 'पिकनिक' नाटकाला पुलित्झर मिळालं. कॉलेज 1982 पासून त्याच्या नावाने नाट्यमहोत्सव भरवतं आणि अमेरिकी रंगभूमीवरची मोठी माणसं त्यासाठी या खेड्यात येतात. 1930 च्या एप्रिलमध्ये इथल्या मैदानावर कायमच्या दिव्यांखाली व्यावसायिक बेसबॉलचा रात्रीचा सामना झाला, तो अशा सामन्यांतला पहिला. गावच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेली एबल नावाची ऱ्हीसस जातीची माकडीण 1959 साली अवकाशात जाऊन जिवंत परतली. माकडाची ही जात मूळची आपल्या उत्तर हिंदुस्थानातली, हे मी तिथल्या माणसाला सांगितलं तेव्हा त्याला फार आनंद झाला. गावाबाहेर तेरा मैलांवर 'लिटिल हाउस ऑन द प्रेअरी' या पुस्तकातलं इंगल्स कुटुंबाचं घर जिथे होतं ती जागा आहे. ती जमीन तेव्हा ओसेज जमातीची होती आणि इंगल्सांसारखे गोरे वसाहतवाले परवानगीवाचून तिथे घुसले होते. थोड्याच काळात ओसेजांना दक्षिणेला हलवण्यात आलं.

आम्ही पोचलो तेव्हा गावात निवोला उत्सवाचा आठवडा होता. हॅलोविनच्या रात्री पोरं गावभर खोड्या करत, त्यांना दुसरं काहीतरी मिळावं म्हणून 1919 साली लोकांनी हा उत्सव सुरू केला. मिरवणूक, पाळणे, बँड, खाण्याची दुकानं. मिरवणुकीत शाळांच्या बँडमागून कॉलेजचे खेळाडू आपापल्या जर्सी घालून चालत होते आणि लहान मुलांकडे गोळ्या फेकत होते.

पण जगाला हे गाव माहीत आहे ते 'लास्ट चान्स यू' या नेटफ्लिक्सवरच्या माहितीपट-मालिकेमुळे. तिचे पहिले दोन भाग मिसिसिपीतल्या स्कूबा इथल्या ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेजवर होते. तिसरा आणि चौथा इंडिपेन्डन्सवर आले, 2018 आणि 2019 साली. इथे चित्रित झालेल्या पहिल्या हंगामात संघाने नऊ सामने जिंकले आणि दोन हरले. दुसऱ्या हंगामात दोन जिंकले, आठ हरले. मालिकेने गावाला प्रसिद्धी दिली. पण गावातल्या ज्या-ज्या माणसांशी मी बोलले ती त्यावर सांभाळूनच बोलली. त्यांची तक्रार अशी की कॅमेऱ्याला शिव्या आणि भांडणं हवी होती आणि रात्री उशिरापर्यंत इंग्रजीचे धडे घेणाऱ्या शिक्षिका त्याला थोड्याच दिसल्या. मला वाटतं मालिकेतला सर्वांत चांगला भाग त्या शिक्षिकांचाच होता. पण गावाचं दुःख मी समजू शकते. आपलं घर परक्याने दाखवलं की त्यातली फक्त पडकी भिंत डोळ्यांत भरते.

करावरून वाद होतो तो इथे. "माझ्या घरपट्टीतून मी फ्लोरिडाच्या मुलाला का शिकवू?" हा प्रश्न मी एका हार्डवेअरच्या दुकानात ऐकला. त्याचं जुनं उत्तर नियमाने दिलेलं होतं: कॅन्ससच्या कॉलेजांनी आपसात ठरवून फुटबॉलसाठी परराज्यांतल्या खेळाडूंना वीसची मर्यादा घातली होती. 2016 च्या सुमारास ती उठली आणि वसतिगृहं दुरून आलेल्या मुलांनी भरली. यामागचा हिशेब कॉलेजच्या बाजूने पाहिला तर वेगळा दिसतो. काउंटीत मुलंच जन्मत नसतील तर वर्ग भरायचे कुणी? प्रत्येक खेळाडू हा एक विद्यार्थी असतो. तो खोली घेतो, जेवतो, गणिताच्या आणि इंग्रजीच्या तासाला बसतो. तो आल्यामुळे इंग्रजीचा प्राध्यापक टिकतो, आणि प्राध्यापक टिकल्यामुळे त्याच गावातल्या चाळिशीच्या बाईला नर्सिंगच्या आधीचा इंग्रजीचा कोर्स करता येतो. मैदानासाठी कॉलेज नसून कॉलेजसाठी मैदान आहे, असं मला पटलं ते इथे.

मात्र या हिशेबात मुलाचं काय होतं, हेही पाहायला हवं. 2018 च्या ऑगस्टमध्ये पश्चिम कॅन्ससमधल्या एका कॉलेजात न्यू जर्सीहून आलेला एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू पहिल्याच दिवशीच्या धावण्याच्या सरावानंतर उष्माघाताने गेला. ज्या खेळाडूला ही शेवटची संधी वाटते तो थकलो असं म्हणत नाही. म्हणून त्याच्या वतीने ते म्हणणारा माणूस मैदानावर पगारी हवा, वैद्यकीय शिक्षण घेतलेला हवा आणि त्याचा शब्द कोचच्या शब्दाहून वर हवा. हा खर्च परवडत नसेल त्या कॉलेजने संघ ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. दोन वर्षांच्या कॉलेजात खेळलेले हंगाम एनसीएए आपल्या मोजणीत धरते, म्हणजे तिथे दोन वर्षं घालवलेल्याला विद्यापीठात कमी हंगाम उरतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया न्यू मेक्सिकोतल्या अशाच एका कॉलेजातून आलेला. त्याने 2024 साली कोर्टात दाद मागितली आणि डिसेंबरमध्ये कोर्टाने त्याला आणखी एक हंगाम खेळू देण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यानंतर एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही एका वर्षाची सवलत दिली. या गावांतल्या कोचांच्या तोंडी हे नाव सारखं येत होतं.

कॉफीव्हिलला पोचायला अर्धा तासही लागला नाही. 5 ऑक्टोबर 1892 रोजी डाल्टन टोळीने इथल्या दोन बँका एकाच वेळी लुटायचा प्रयत्न केला. गावकऱ्यांनी हार्डवेअरच्या दुकानांतल्या बंदुका उचलल्या आणि काही मिनिटांत चार दरोडेखोर आणि चार गावकरी मेले. ती गल्ली आणि बँकेची इमारत अजून जपलेली आहे. संग्रहालयाला नाव दिलंय ते दरोडेखोरांचा सामना करणाऱ्यांच्या स्मरणार्थ. पुढच्या संकटांशी बंदुकीने लढता आलं नाही. 2007 साली व्हर्डिग्रिस नदीच्या पुरात तेलशुद्धीकरण कारखाना बुडाला आणि पाण्याबरोबर तेल घराघरांत शिरलं. 2015 साली ॲमेझॉनचं गोदाम बंद पडलं. तेलाचा आणि खताचा कारखाना चालू आहे आणि कॉलेज चालू आहे.

कॉलेजच्या संघाने, रेड रेव्हन्सनी, फुटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद 1956, 1983 आणि 1990 साली मिळवलं. न्यू जर्सीतल्या कॅमडेनचा माइक रोझिअर 1980 साली इथे खेळला, कारण नेब्रास्का विद्यापीठात जाण्याएवढे त्याचे गुण नव्हते. इथून तो नेब्रास्काला गेला आणि 1983 साली त्याने हाइजमन ट्रॉफी जिंकली. कॉलेज फुटबॉलमध्ये याहून मोठा वैयक्तिक मान नाही. कॅमडेन तेव्हाही गरिबीने पिचलेलं शहर होतं. तिथल्या एका मुलाचं आयुष्य कॅन्ससच्या या गावात एका हंगामात वळलं, असं म्हणायला हरकत नाही.

शेवटचा टप्पा ईशान्येला, फोर्ट स्कॉटकडे. वाटेत जुन्या कोळशाच्या उघड्या खाणी लागतात. त्यांत पाणी साचून आता लांबट तळी झालीत. फोर्ट स्कॉट 1842 च्या लष्करी ठाण्याभोवती वाढलं. साडेसात हजार वस्ती, लाल विटांचे रस्ते. 1919 साली निघालेलं राज्यातल्या पहिल्या दोनांपैकी एक कॉलेज ते हेच. 1970 साली त्याने फुटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. 2009 साली ते पुन्हा अंतिम सामन्यात पोचलं आणि टेक्ससच्या ब्लिन कॉलेजकडून 31-26 असं हरलं. ब्लिनचा क्वार्टरबॅक होता पुढे प्रसिद्ध झालेला कॅम न्यूटन. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये फोर्ट स्कॉटने फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं, कारण खर्च झेपेना. त्याआधी 2018 च्या अखेरीला गावाचं हॉस्पिटलही बंद झालं होतं. रोडिओ मात्र चालू आहे. घोडे, दोर, मुसंडी मारणारे बैल. गुराढोरांच्या या भागात तो खेळ आणि शेतीचं शिक्षण यांत फार अंतर नाही.

कॉलेजच्या आवारात गॉर्डन पार्क्सचं संग्रहालय आहे. तो 1912 साली याच गावात, पंधरा भावंडांत शेवटचा म्हणून जन्मला. 'लाइफ' मासिकाचा पहिला काळा छायाचित्रकार तोच. 1969 साली त्याने आपल्याच कादंबरीवर 'द लर्निंग ट्री' हा चित्रपट केला आणि तो चित्रित केला इथेच, फोर्ट स्कॉटमध्ये. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी काळ्या दिग्दर्शकाने केलेला तो पहिला चित्रपट. पार्क्सच्या वेळी गावच्या हायस्कुलात काळ्या मुलांना खेळांच्या संघांत घेत नसत. कॉलेजला जाऊन पैसे वाया घालवू नका, असं त्यांना शाळेतच सांगितलं जाई. त्याने घेतलेली छायाचित्रं पाहत मी त्या भिंतींपुढे उभी होते आणि त्याच आवारात पुढची कित्येक वर्षं शिष्यवृत्ती घेऊन आलेल्या, फ्लोरिडा-जॉर्जियातल्या मुलांचा विचार करत होते. हा बदल फक्त खेळामुळे झाला असं म्हणता येणार नाही. पण या गावात काळ्या मुलाला कॉलेजचं दार उघडून 'ये' म्हणणाऱ्या गोष्टींत खेळ पुढे होता, हे नक्की.

संग्रहालयात काम करणाऱ्या बाईंना मी विचारलं, फुटबॉल परत यावा असं वाटतं का? त्यांचं घर याच काउंटीत, म्हणजे करही इथलाच.

"आधी हॉस्पिटल," त्या म्हणाल्या. "शनिवारी आता फार शांत असतं, ते मला आवडत नाही. पण आधी हॉस्पिटल." मग कॉलेजच्या इमारतींकडे हात करून म्हणाल्या, "कर मात्र कमी करा असं मी कधी म्हणणार नाही. माझी नात तिकडे नर्सिंगला आहे."